रकाना कोरा सोडू नये

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मद्याची एक बाटली आहे. ज्या घरात खोकल्याच्या औषधापलीकडे कोणत्याही मादक द्रव्यास कोणी शिवल्याची नोंद नाही, ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसणीवरही हद्दपारीचा हुकूम बजावला जातो आणि जेथे माझ्या मातुःश्री अद्याप सणावारी सोवळ्यानेच नैवेद्य रांधतात, त्या घरात, ओट्याच्या वर, बरोबर शेगडीच्या माथ्याशी, एक हिरवी बाटली, दोन अर्धे भरलेले पेले आणि द्राक्षांचा एक घोस अशी सामग्री फरशीत कायमची भाजून बसविलेली आहे. घराची डागडुजी निघाली तेव्हा आम्ही सहकुटुंब फरशांच्या दुकानात गेलो होतो. तेथील गृहस्थाने आमच्या अडाणीपणाची कीव करीत सांगितले, की नुसत्या पांढऱ्या फरशा हल्ली कोणी लावीत नाही. मधूनमधून एक ‘हायलायटर’ घालावाच लागतो, नाहीतर भिंत ओकीबोकी दिसते. हायलायटर म्हणजे चित्राची फरशी. त्या चित्रांत कॉफीचे वाफाळते पेले, आमच्या मंडईत कधी न आलेल्या भाज्यांची करंडी आणि द्राक्षे असे तीनच पर्याय होते. “द्राक्षं कशी सात्त्विक दिसतात!” असा अभिप्राय माझ्या पत्नीने दिला आणि व्यवहार पुरा झाला. त्या द्राक्षांच्या आडोशाने आणखी काय काय आले आहे, हे गवंड्याने फरशी चिकटवून तिच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरल्यानंतर उघडकीस आले.

मातुःश्रींनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ न्याहाळले.

“हे काय रे?”

“सरबत आहे, आई. द्राक्षाचं.”

“मग त्याला बूच कशाला?”

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते, व आजही नाही. शेवटी पत्नीने त्या जागी अन्नपूर्णेचे एक चिकटचित्र आणून लावले; परंतु देवी आकाराने लहान व बाटली उंच असल्यामुळे आता देवीच्या उजव्या खांद्यामागून बाटलीची मान बाहेर डोकावते, आणि पूर्वी जे केवळ गैरसोयीचे होते ते आता पातकाच्या हद्दीत गेले आहे.

सरकारी अर्जाच्या तळाशी ‘कोणताही रकाना कोरा सोडू नये’ अशी एक तंबी असते. ती वस्तुतः अर्जदारापुरतीच आहे. पण आमच्या देशातील उशा, चादरी, बादल्या, थर्मास, तबके आणि न्हाणीघराची प्लॅस्टिकची दारे बनविणाऱ्या समस्त कारखानदारांनी ती आपणांसच उद्देशून आहे अशा समजुतीने शिरसावंद्य मानलेली दिसते. बादलीस बादली म्हणून जगता येत नाही. तिच्या पोटावर दोन बदके लागतात. ज्या नळास दिवसाआड अर्धा तास पाणी येते, त्याच्या समोरच्या दारावर अथांग निळ्या समुद्रातून उसळी मारणारा डॉल्फिन असतो, आणि रिकामे घंगाळ हाती घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थाकडे पाहून तो हसत असतो.

चहाच्या तबकांची तऱ्हा आणखी निराळी. वैशाखात रत्नागिरीस एका स्नेह्यांच्या ओसरीवर आम्ही घामाच्या धारा पुशीत बसलो असता आतून चहा आला तो बर्फाच्छादित शिखरे, निळे सरोवर व लाकडी झोपडी यांच्यावर ठेवून आला. मी सहज विचारले, “हे काश्मीर का?” यजमान म्हणाले, “हो.” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “अहो, काही काय सांगता! स्वित्झर्लंड आहे ते. आपल्या सुमीच्या नणंदेनं दिलेलं.” यावर पतिपत्नींत जो भौगोलिक वाद माजला, त्यात सुमीच्या नणंदेची ऐपत, तिने पूर्वी दिलेल्या वस्तूंची प्रत आणि यजमानांनी लग्नानंतर काश्मीर दाखविण्याचे दिलेले व न पाळलेले वचन इतके मुद्दे दाखल झाले, की चहाने तेवढ्यात शिखरावरच साय धरली.

हा रोग केवळ आमच्याकडचाच आहे, असे समजून कोणी खाली मान घालू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या भांडी घडविणाऱ्यांनी चिनी मातीच्या सामानाची नक्कल करता करता एक पूल, एक वाळुंजाचे झाड, एक मंडप आणि आकाशात दोन पाखरे असे एक निळे चित्र जुळविले, व ते बशाबशांवर छापले. लोकांस ते इतके आवडले, की पुढे त्या चित्रास शोभेल अशी एक करुण चिनी प्रेमकथाही रचण्यात आली. पळून जाणारे प्रेमिक, क्रुद्ध पिता, आणि मरणोत्तर झालेली ती दोन पाखरे. चीनमध्ये या कथेची कोणास वार्ताही नव्हती. म्हणजे आधी बशी आणि मागाहून पुराण. आमच्या कपबशांवरील परडीतल्या मांजरीच्या पिलांना अद्याप कोणी पुराणिक भेटलेला नाही, एवढाच काय तो फरक.

पाहण्याच्या चित्रांपासून होणारा उपद्रव एक वेळ सोसवतो. अंगास लागणारी चित्रे मात्र अधिक जाचक असतात. माझ्या पत्नीने विवाहापूर्वी मोठ्या हौसेने भरलेले दोन अभ्रे आमच्या घरात आहेत. त्यांच्या मध्यभागी बदामी आकाराच्या वेलीत ‘गुड नाइट’ अशी अक्षरे गाठीच्या टाक्याने उठविलेली आहेत. गाठीच्या टाक्याचा गुण असा, की तो कपड्यावर जितका उठून दिसतो त्याहून अधिक गालावर उठतो. एका रविवारी सकाळी मी दाढीसाठी केशकर्तनालयाकडे चाललो असता वाटेत भेटणारा प्रत्येकजण माझ्या मुखाकडे रोखून पाहत होता, आणि वयपरत्वे चर्येवर काही तेज चढले असावे अशी कल्पना करून मी त्यांचे नमस्कार जरा राजेशाही थाटातच स्वीकारीत होतो. खुर्चीत बसताच कारागीर आरशात पाहून गंभीरपणे म्हणाला, “साहेब, गुड नाइट.”

“अरे, सकाळचे आठ वाजलेत!”

“तुमच्या गालावर लिहिलंय.”

छाप नेहमी उलटी उमटते, आणि उलटी छाप आरशात सुलटी दिसते. हे मुद्रणकलेचे मूलतत्त्व मला त्या खुर्चीत बसून उमगले. रस्त्यावरच्या लोकांस तो मजकूर वाचता येत नव्हता, म्हणून ते बिचारे इतका वेळ पाहत होते. घरी येऊन मी तो अभ्रा बदलण्याची विनंती केली, तर उत्तर आले, “उताणे झोपा.”

व्याह्यांकडून आलेल्या मखमली ब्लँकेटाचा इतिहास तर पोलिसी दप्तरात शोभावा असा आहे. या ब्लँकेटावर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पूर्ण वाढ झालेला एक वाघ बसलेला आहे. जुन्नरकडचे आमचे एक वयोवृद्ध नातलग नाना, ज्यांच्या उसाच्या फडात खराखुरा बिबट्या मुक्कामास असतो व ज्यांना त्या धास्तीने रात्री पाणी धरायला जाणेही जिवावर येते, ते चार दिवस निर्धास्त झोप मिळावी या एकाच हेतूने आमच्याकडे उतरले होते. पाहुण्यास उत्तम वस्तू द्यावी या रिवाजास अनुसरून पत्नीने ते ब्लँकेट त्यांच्या अंगावर घातले. मध्यरात्री दिवा लागला. नाना अंथरुणात ताठ बसले होते आणि त्यांच्या मांडीवर वाघाचे मस्तक होते.

“वहिनी, हा इथं कशाला आणलात? तिकडं काय कमी आहेत?”

“उलटं करून पांघरा ना, नाना.”

नानांनी उलटे केले. या जातीच्या ब्लँकेटाचा विणकर प्रामाणिक असल्यामुळे दुसऱ्या बाजूसही वाघ होताच, आणि तो विरुद्ध दिशेस तोंड करून होता. उरलेली रात्र नानांनी माझ्या धोतरात काढली.

आता यावरून घरातील सर्व दोष पत्नीच्या पदरात टाकण्याचा माझा इरादा आहे असे दिसेल. तसा तो होताही. परंतु दिवाळीच्या साफसफाईत तिने माझ्या मेजाचा खालचा खण बाहेर ओढला आणि खटल्याचा रंग पालटला. कारण तिला जशी कोरी वस्तू सोसत नाही, तसा मला छापील कागद टाकवत नाही. भेळ संपल्यावर तिचा कागद उलगडून अर्धवट राहिलेली बातमी वाचणारा, औषधाच्या बाटलीपेक्षा तिच्यासोबतच्या घडीपत्रकाने अधिक आजारी पडणारा आणि आगपेटीवर चित्त्याशी झुंजणाऱ्या मनुष्याचे पुढे काय झाले असेल या चिंतेत शेगडी पेटवायची विसरणारा असा जो एक वर्ग आहे, त्याचा मी जुना सभासद आहे.

खणात सर्वांत वरचा थर लग्नपत्रिकांचा निघाला. आमच्या लग्नपत्रिका म्हणजे एक वाङ्मयप्रकारच आहे. ज्या बालकास अद्याप दात आले नाहीत व मान धरता येत नाही, ते तळाशी स्वतःच्या नावानिशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ असा आग्रह करते. त्याच्या वर, वयाच्या व मानपानाच्या क्रमाने, ज्यांच्यात परस्परांशी बोलणे नाही अशा सर्व काका-मामांची नावे एकाच रकान्यात निमंत्रक म्हणून सलोख्याने उभी असतात. एका पत्रिकेच्या शेवटी तर टीप होती, की गडबडीत कोणास निमंत्रण पाठवावयाचे राहून गेले असल्यास त्यांनी हेच निमंत्रण समजावे. आता ज्याला पत्रिका गेलीच नाही त्याने ही क्षमायाचना कोठे वाचावी, आणि ज्याला ती मिळाली त्याने ती कोणाच्या वतीने स्वीकारावी, याचा उलगडा मला न झाल्यामुळे मी ती पत्रिका पुरावा म्हणून राखून ठेवली होती. आहेर आणू नये अशी सूचना असलेल्या पत्रिकाही पुष्कळ होत्या. ही सूचना पाहून आहेर न नेणारा मनुष्य आमच्या माहितीत एकच निघाला, व त्याच्याविषयी अजून बोलले जाते.

लग्नावरून भांड्यांचा विषय निघणे क्रमप्राप्तच आहे, कारण आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. दुकानाच्या पायरीवर बसलेला एक इसम विजेची लेखणी हाती घेऊन दात आंबतील असा आवाज करीत स्टीलवर बारीक टिंबांनी अक्षरे कोरतो. बहुधा घेणाऱ्या वधूचे नाव आटोपशीर असते आणि देणाऱ्याचे नाव, हुद्दा व गाव यांसह, पातेल्याला प्रदक्षिणा घालून येते. आमचे एक चुलतबंधू आणि मी यांच्यात वडिलोपार्जित घराच्या सामाईक भिंतीवरून दिवाणी दावा चालू आहे. तारखेमागून तारखा पडत आहेत, उभयतांचे वकील सुखवस्तू झाले आहेत, आणि आम्ही एकमेकांची सावलीही टाळतो. पण सकाळी मी चहा पितो तो पेला ‘सप्रेम भेट’ आहे, खाली त्यांची सही असावी अशा दिमाखात त्यांचे नाव आहे, आणि पेला तोंडास लावला की ते नाव बरोबर नाकासमोर येते. न्यायालयात ज्यांचा उल्लेख ‘प्रतिवादी’ असा करायचा, त्यांचे प्रेम रोज सकाळी दोन घोट घेऊन मग मी कज्जाची कागदपत्रे वाचावयास बसतो. तिकडे त्यांच्याकडे माझ्या नावाचे पोळ्यांचे डबे दोन आहेत, हे मला पक्के ठाऊक आहे. ते त्यांनी मोडीत घातले की नाहीत, याची चौकशी मी दोन्हीकडच्या मोलकरणीमार्फत अधूनमधून करीत असतो.

खणाच्या दुसऱ्या थरात वजनाची तिकिटे निघाली. रेल्वेच्या फलाटावर रंगीत दिव्यांची उघडझाप करणारे आणि आत एक चकती गरगर फिरविणारे जे यंत्र असे, त्यात नाणे टाकले की खटकन एक पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. १८३०च्या दशकात टॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने रेल्वेसाठी जे सव्वादोन इंच लांबीचे जाड तिकीट काढले व जे आमच्या रेल्वेनेही दीर्घकाळ चालविले, साधारण त्याच बेताचे हे असे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस नटीचे चित्र, आणि भरीला स्वभाववर्णन व भविष्य. गाडी उशिरा येण्याचा त्या काळी प्रवाशास एवढा एक लाभ होता. मी जपलेली सर्व तिकिटे पत्नीने गादीवर पसरली, तेव्हा तिला असे आढळले, की त्यांच्यावरून पाहता मी उदार, दूरदर्शी, मितभाषी व स्त्रियांना प्रिय आहे. “आणि वजन?” तिने विचारले. वजनाच्या बाबतीत त्या यंत्रांत बिघाड होता, हे मला तिला सांगावे लागले. एकच यंत्र एकाच क्षणी पुठ्ठ्याच्या एका बाजूस चुकते आणि दुसऱ्या बाजूस अचूक चालते, ही गोष्ट तिला पटेना. मला मात्र त्यात काहीच विलक्षण वाटत नाही.

तिसरा थर जुन्या दिनदर्शिकांचा होता. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हापासून मराठी घरातील भिंतीस तिथी, वार, नक्षत्र, एकादशी, संकष्टी आणि पानांमागे पाककृती व राशिभविष्य असा भरगच्च मजकूर लाभला. तरीही प्रत्येक तारखेच्या चौकोनात नखभर जागा कोरी राहिली, आणि ती गृहिणींच्या नजरेतून सुटली नाही. आमच्याकडच्या चौकोनांत ‘दू. ना.’ म्हणजे दूध नाही, ‘खा.’ म्हणजे बाईचा खाडा आणि ‘गॅ. ला.’ म्हणजे नवे सिलिंडर लावले, अशी सांकेतिक लिपी आहे. महिनाअखेरीस दूधवाला दारात उभा राहून “सतरा तारखेला दिलं होतं, ताई” असे म्हणू लागला, की ते पान खिळ्यावरून उतरवून त्याच्यापुढे धरले जाते, आणि वर छापलेल्या देवाच्या साक्षीमुळे म्हणा किंवा पत्नीच्या आवाजामुळे म्हणा, त्याचा दावा तेथेच निकाली निघतो. या जुन्या पानांत एके ठिकाणी मला ‘वन्सं आल्या’ अशी नोंद आढळली. पुढे नवव्या चौकोनात ‘वन्सं गेल्या’ असे होते, आणि त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी सख्खी बहीण. मी काही बोललो नाही. पान घडी घालून ठेवून दिले.

वास्तविक हे सर्व रद्दीत देता आले असते, पण देवांचे काय करायचे? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस गिरगावात शिळाछापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि लक्ष्मी, सरस्वती घरोघर भिंतींवर आल्या. विलायती कापडाच्या ताग्यांवर चिकटून येणारी देवादिकांची रंगीत लेबलेही लोकांनी चौकटीत बसवून पुजली. तेव्हा देव कागदावर आले ते दर्शनाला. आता ते उदबत्तीच्या पुड्यावर, तांदळाच्या पिशवीवर, साबणाच्या वेष्टनावर आणि दिवाळीच्या फटाक्यावरही आले आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हात जोडून तिने स्थिर राहावे अशी प्रार्थना करायची, आणि लगेच अंगणात जाऊन तिचे चित्र असलेल्या सुतळीच्या गोळ्यास वात लावून कानांत बोटे घालायची, यात आम्हांस विसंगती भासत नाही. परंतु उदबत्तीचा रिकामा पुडा मात्र, त्यावर गणपती असल्यामुळे, कचऱ्यात टाकवत नाही. आमच्या माळ्यावर अशा रिकाम्या पुड्यांतून सुमारे एक मध्यम आकाराचे देवस्थान जमा झालेले आहे.

खणाच्या अगदी तळाशी एक पिवळे पडलेले हस्तपत्रक निघाले. बाजारात एका अनोळखी मनुष्याने ते माझ्या हाती कोंबून पळ काढला होता. त्यात कोणा पुजाऱ्यापुढे नागाने मनुष्यरूप धारण करून काय सांगितले ते होते, आणि हे पत्रक छापून वाटणाऱ्या व्यापाऱ्यास गुप्तधन सापडले, व थट्टा करून ते फाडणाऱ्या कारकुनाची नोकरी गेली, असा तपशील होता. मी बुद्धिवादी मनुष्य आहे. असल्या भाकडकथांवर माझा तिळमात्र विश्वास नाही, हे मी व्याख्यानांतूनही सांगितले आहे. नोकरी जाण्याचे भय तर सेवानिवृत्तीमुळे उरलेलेच नव्हते. पण निवृत्तिवेतनासंबंधी त्या पत्रकात काहीच खुलासा नव्हता, सबब ते मी जपून ठेवले होते.

अखेर पत्नीच्या हुकमावरून रद्दीवाल्यास पाचारण झाले. त्याने अंगणात तराजू उभा केला, एका पारड्यात सगळा ऐवज रचला आणि मग एकेक वस्तू पाहत निवड सुरू केली. लग्नपत्रिका त्याने परत केल्या. त्यांना चमकी असते, त्या पुढे कोणी घेत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. वजनाची तिकिटे त्याने स्वतःच्या खिशात घातली, बहुधा नट्यांसाठी. दिनदर्शिका घेतल्या. मग ते पिवळे पत्रक त्याच्या हाती लागले. त्याने ते उभ्या उभ्या, ओठ हलवीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, नीट चौघडी केली आणि माझ्यासमोर कठड्यावर ठेवले.

“हे एवढं तुमचं राहू द्या, साहेब.”

“का रे? तुझा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?”

“छे हो! पण हातगाडी नवीनच घेतलीय.”

आणि तो कागद एकदा तराजूत पडून गेला होता, म्हणून त्याचे चार आणे प्रामाणिकपणे वजा करून त्याने माझ्या हातावर हिशेबाचे पैसे ठेवले.